शंभर फुटी जुना डबा: ऑर्वो, सिने पॉझिटिव्ह आणि कोकणातली दमट हवा

खाडीपलीकडे (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. सावंतवाडीकडच्या एका जुन्या स्टुडिओचं सामान निघालं, त्यातले दोन डबे हाती आलेत.

पहिला ऑर्वो एनपी २२ (काळी-पांढरी निगेटिव्ह फिल्म), ३५ मिमी, ३० मीटर. पत्र्याचा डबा, भोवतीची चिकटपट्टी शाबूत, तारीख पुसली गेलीय. दुसरा मोठा चपटा डबा, वर खडूने ‘पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलंय. हलवला की आतली गुंडाळी सरकते, म्हणजे पूर्ण भरलेला नसावा. दोन्ही अजून उघडलेले नाहीत.

कॅमेरे झेनिट-ई (हेलिओस लेन्स) आणि याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन. वॉटसन पद्धतीचा बल्क लोडर (लांब फिल्ममधून कॅसेट भरायचा डबा) आहे, रिकाम्या कॅसेट आहेत, रोल घरीच धुतो.

विचारायचं असं, की फिल्म चालण्याजोगी आहे का हे अख्खा रोल न घालवता कसं ठरवायचं? किती एएसए (फिल्मचा वेग) धरायची? आणि पाऊस तोंडावर आलाय, तर आत्ताच उरकावं की दसऱ्यानंतर बघावं?

कातळसडा:

आधी नाक लावा, कात्री नंतर.

झाकणाच्या फटीशी आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर ॲसिटेटचा बेस, म्हणजे फिल्मची मूळ पारदर्शक पट्टी, कुजायला लागलाय. उष्णता आणि दमटपणा या दोन्हींनी हे बळावतं, आणि आपल्याकडे दोन्ही मुबलक. अशी फिल्म आखडते, काठाला लाटा पडतात, पुढे बेसवरून इमल्शन (उजेडाला जागणारा थर) सुटतं. वास सौम्य असेल तर फिल्म अजून चालते, पण बाकीच्या फिल्मच्या कपाटात तिला ठेवू नका. तिच्यातून निघणारं आम्ल शेजारच्या गुंडाळीलाही लागतं.

दुसऱ्या डब्याला जास्त जपा. सिनेमाची ३५ मिमी फिल्म पूर्वी नायट्रेट बेसवर असायची, कोडॅकने ती १९५१ मध्ये बंद केली. नायट्रेट एकदा पेटली की पाण्याने विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या आतच असतो. डब्यात तपकिरी भुकटी, मधासारखा चिकटा किंवा फुगलेली गुंडाळी दिसली तर झाकण लावा आणि डबा घराबाहेर सावलीत ठेवा. तुकडा जाळून बघण्याचा सल्ला इंटरनेटवर फिरतो, तो घरी अजिबात करू नका. सहज न पेटणाऱ्या फिल्मच्या काठावर ‘सेफ्टी’ छापलेलं असतं म्हणतात ते खरं आहे, पण कोऱ्या फिल्मवर ती अक्षरं डोळ्यांना दिसत नाहीत. धुतल्यावरच उमटतात. म्हणून वीतभर तुकडा धुऊन काठ वाचायचा.

ऑर्वोची चिंता नको, तो सेफ्टी बेसच. वोल्फेनच्या कारखान्याने १९६४ मध्ये आग्फा नाव सोडून ऑर्वो हे नाव घेतलं आणि १९९०च्या दशकात तो कारखाना बंद पडला. म्हणजे डबा कमीत कमी तीस वर्षांचा आहे. २२ हा आकडा डीन या जर्मन मापाचा, म्हणजे १२५ एएसए. एनपी २० म्हणजे ८०, एनपी २७ म्हणजे ४००.

तिठा:

सोपा नियम आहे ना, दर दहा वर्षांना एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड. तीस वर्षं झाली, तीन स्टॉप. १२५ ची १६ धरा आणि मोकळे व्हा.

निवती_दीपगृह:

तिठा, तो नियम थंड कोरड्या कपाटात राहिलेल्या फिल्मचा. पत्र्याच्या छपराखाली तीस मे महिने काढलेल्या डब्याला आणि फ्रीजमधल्या डब्याला एकच नियम कसा लागू पडेल? तारखेपेक्षा साठवण बघा. आणि वेगवान फिल्म हळू फिल्मपेक्षा लवकर बिघडते. एनपी २७ चा तेवढाच जुना डबा असता तर मी वेळच घालवला नसता.

मुळात काय बिघडतं ते लक्षात घ्या. संवेदनशीलता थोडी उतरते हे खरं, पण मोठा त्रास फॉगचा. उन्हाशी संबंध न येताही इमल्शनमधले काही कण डेव्हलपरमध्ये काळे होतात आणि सगळ्या फिल्मवर करडा पडदा चढतो. सावलीतला तपशील निगेटिव्हवर अगदी पातळ असतो, तो या पडद्याखाली गडप होतो. जास्त एक्सपोजर द्यायचं ते सावल्या पडद्याच्या वर आणण्यासाठी. म्हणून आधी फॉग मोजायचा, एएसए नंतर.

अंधारात बाहेरचे दोन-तीन वेढे कापून बाजूला ठेवा. ते गेलेलेच असतात, पण मोजमापाला कामी येतात. त्याच्या आतून दहा सेंमीचा तुकडा घ्या आणि त्याचे दोन भाग करा. एक भाग थेट हायपोत (फिक्सरमध्ये) टाका. तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागला ते घड्याळावर बघा, त्याच्या दुप्पट वेळ फिक्सिंगला द्यायचा. दुसरा भाग उजेड न दाखवता नेहमीसारखा डेव्हलप करून फिक्स करा. दोन्ही वाळवून वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवा. दुसऱ्या तुकड्यातून बातमीचा बारीक मजकूर वाचता आला तर फिल्म उत्तम. नुसता मथळा वाचता आला तर चालेल, पण एक्सपोजर भरपूर द्यावं लागेल. मथळाही दिसेना तर ती फिल्म लोडरची सवय करायला ठेवा.

फॉग ठीक निघाला तर सत्तर सेंमीचा छोटा रोल भरा. झेनिट १/१२५ वर ठेवा आणि शटरला हात लावू नका. लख्ख उन्हात असं घर निवडा ज्याची पडवी सावलीत आहे. एफ १६, ११, ८, ५.६, ४ असे पाच फोटो काढा. ते अनुक्रमे १२५, ६४, ३२, १६ आणि ८ एएसएचे झाले. धुतल्यावर पडवीतल्या खांबाकडे बघा. ज्या फ्रेममध्ये खांबाची कड पहिल्यांदा स्पष्ट सुटते तो तुमचा आकडा. भिंतीकडे बघून ठरवाल तर फसाल, भिंत पाचही फ्रेममध्ये येतेच.

कातळसडा:

पुस्ती. ते कापलेले बाहेरचे वेढे टाकू नका, आकुंचन मोजायचंय. प्रमाण फिल्मवर काठाच्या एका भोकापासून पुढच्या भोकापर्यंत ४.७५ मिमी अंतर (पिच) असतं, म्हणजे शंभर भोकांना ४७५ मिमी. टेबलावर सपाट पसरून मोजा. ४७२-४७३ आलं तर बिनधास्त वापरा. ४७० च्या खाली गेलं म्हणजे एक टक्क्याहून जास्त आखडलीय, मग दात्यांवर भोकं फाटायला लागतात आणि लोडरमध्येही ओढ बसते.

सिने निगेटिव्हचा पिच मुळातच ४.७४ असतो, तेव्हा तिथे ४७४ बघून घाबरू नका. निगेटिव्हची भोकं बाजूंनी गोलसर आणि उंचीला किंचित कमी, पॉझिटिव्हची चौकोनी, कोपरे गोल केलेली. साध्या कॅमेऱ्यांच्या फिल्मची भोकं पॉझिटिव्हसारखी असतात. झेनिट-याशिकात दोन्ही चालतात.

मुचकुंदी:

लोडरबद्दल मी लिहिते, कारण चांगली फिल्म बहुतेक वेळा इथेच वाया जाते.

वॉटसन पद्धतीच्या लोडरमध्ये फिल्म बाहेर येते तिथे फिरणारी फट असते. भरताना ती पूर्ण उघडी राहते, त्यामुळे मखमल घासत नाही आणि ओरखडे येत नाहीत. दुसऱ्या पद्धतीत कायमची मखमली फट असते. तिथे वाळूचा एक कण अडकला की तीसच्या तीस मीटरवर एकच सरळ रेघ उमटते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी लोडर वापरून झाला की प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा. मखमल ब्रशने झाडू नका, चिकटपट्टीच्या चिकट बाजूने टिपा. वॉटसनवाल्यांनी फट बंद झाल्याची खात्री केल्याशिवाय कॅसेटच्या बाजूचं झाकण उघडू नये, नाहीतर सगळी फिल्म एका दमात जाते.

छत्तीसच्या रोलला १.६ ते १.६५ मीटर लागते. एक फ्रेम आठ भोकांची, म्हणजे ३८ मिमी. छत्तीस फ्रेमचे १.३७ मीटर होतात, उरलेलं टोकाला आणि शेपटाला जातं. तीस मीटरमध्ये अठरा रोल बसतात. जुन्या फिल्मचे रोल मात्र चोवीसचेच भरा, १.२ मीटरचे. बिघडलं तर कमी जातं आणि पावसाळ्यात रोल कॅमेऱ्यात लोंबकळत राहत नाही. उजेडात लोडर वापरताना स्पूलला चिकटवलेलं शेपूट उजेडातच असतं, म्हणून शेवटचे एक-दोन फोटो काळे होणारच. महत्त्वाचा फोटो शेवटाला ठेवू नका.

स्टुडिओतून मिळणाऱ्या वापरलेल्या कॅसेट चालतात. दोन-तीन सेंमी जुनं शेपूट बाहेर राहिलेली कॅसेट निवडा. त्याला नवी फिल्म टोकाला टोक भिडवून, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून जोडा. इमल्शनची मॅट बाजू आत. कागदी मास्किंग टेप आपल्या हवेत दोन दिवसांत सुटतो, त्यावर विसंबू नका. टेपची कड फिल्मच्या रुंदीबाहेर एक मिमीही आली तर कॅसेटच्या तोंडात अडकते. स्वयंचलित कॅमेऱ्यात वापरणार असाल तर कॅसेटवरचा डीएक्सचा काळा-चंदेरी पट्टा झाका, नाहीतर कॅमेरा जुनीच एएसए धरून बसेल.

झोर्की-फेडवाल्यांसाठी, फिल्मचं टोक दहा सेंमी लांब कापा. खालून फिल्म घालायच्या त्या कॅमेऱ्यांत आखूड टोक शटरजवळ अडकतं.

खाडीपलीकडे:

सर्वांचे आभार. दोन्ही डब्यांना आंबट वास नाही. ऑर्वोची शंभर भोकं ४७३ मिमी भरली. फॉगच्या तुकड्यातून मथळा स्पष्ट वाचता येतो, बारीक मजकूर जेमतेम. पडवीची चाचणी डी-७६ डेव्हलपरमध्ये धुतली, खांब एफ ८ ला सुटला. म्हणजे ३२ एएसए धरू ना? निगेटिव्ह मात्र एकंदर करडी आणि मऊ आहे. अजून सुधारता येईल का?

तिठा:

रोडिनल डेव्हलपर १+१००, एक तास स्टँड, म्हणजे न हलवता. डोकं लावायचं कामच नाही.

निवती_दीपगृह:

ताज्या फिल्मला ठीक. जुन्या फिल्मला नेमकं तेच नको. रोडिनलमध्ये फॉग जास्त चढतो, आणि तास-तासभर टाकीत ठेवलं की प्रतिमेआधी फॉगच पोसला जातो. शिवाय तीस अंशाच्या खोलीत ‘स्टँड’ म्हणजे पट्टे आणि भोकांपासून खाली ओघळलेल्या रेघा. जुन्या फिल्मला जोरकस आणि थोडक्यात आटपणारा डेव्हलपर हवा. एचसी-११० मिळाला तर १+३१, वीस अंशाला सहा मिनिटांपासून सुरुवात करा. डी-७६ वापरत असाल तर न पातळ करता घ्या आणि त्यात बेंझोट्रायझोलचं एक टक्का द्रावण लिटरला १० मिली घाला. फॉग बराच दबतो. बदल्यात अर्धा ते एक स्टॉप वेग जातो, म्हणून ३२ ऐवजी २० धरा. पोटॅशियम ब्रोमाइडनेही जमतं, पण त्यात वेग जास्त जातो.

डी-७६ घरी करायचा असेल तर लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. पाणी साधारण ५० अंश. चिमूटभर सल्फाइट आधी, मग मेटॉल, मग बाकीचं याच क्रमाने. सगळं सल्फाइट आधी घातलंत तर मेटॉल विरघळत नाही. हातमोजे घाला, मेटॉलने कातडीला पुरळ उठतो.

मुचकुंदी:

आणि वीस अंश आणणार कुठून, हेही सांगा. मे महिन्यात टाकीचं पाणी तीसला असतं.

निवती_दीपगृह:

बरोबर, तेच लिहायचं होतं. दर अंशामागे वेळ साधारण नऊ-दहा टक्क्यांनी कमी होतो. वीसला आठ मिनिटं असतील तर चोवीसला साडेपाच. तीसला तीन-साडेतीन येतात आणि इतक्या कमी वेळात डेव्हलपमेंट डागाळते. म्हणून चोवीसवर काम करा. एका पातेल्यात पाणी, त्यात डेव्हलपर, हायपो आणि धुण्याच्या पाण्याच्या बाटल्या, आणि पिशवीत बांधलेला बर्फ. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका, तो पातळ होतो. धुण्याचं पाणीही त्याच पातेल्यातलं हवं. चोवीसच्या डेव्हलपरनंतर तीसच्या नळाखाली धरलं तर जुन्या ऑर्वो किंवा इंदू (हिंदुस्तान फोटो फिल्म्सची फिल्म) यांचं मऊ इमल्शन सुरकुततं.

बर्फ नसेलच तर डेव्हलपरमध्ये निर्जल सोडियम सल्फेट लिटरला १०० ग्रॅम घाला, जिलेटिन कमी फुगतं. सल्फेट म्हणतोय, सल्फाइट नव्हे आणि थायोसल्फेट तर नव्हेच. दुकानात तिन्ही पांढऱ्या पुड्या शेजारीशेजारी असतात. मग तीन मिनिटं क्रोम अलमचं कडक करणारं बाथ, लिटरला क्रोम अलम ३० ग्रॅम आणि सोडियम सल्फेट ६० ग्रॅम. ताजंच वापरायचं.

रापणकर:

वाण्याकडची तुरटी हायपोत टाकली तर फिल्म घट्ट होत नाय काय? बर्फ आमच्याकडे माशांच्या गाडीबरोबर येतो, त्याचो भरवसो नाय.

कातळसडा:

रापणकर, तुरटीचं काम होतं, पण नुसत्या हायपोत टाकलीत तर पाणी दुधाळ होऊन गंधक खाली बसेल. आधी सल्फाइट, मग ॲसिटिक आम्ल, मग बोरिक, तुरटी सगळ्यांत शेवटी. कोडॅकचं एफ-५ हेच आहे. लिटरला हायपो २४०, सल्फाइट १५, २८ टक्क्यांचं ॲसिटिक आम्ल ४८ मिली, बोरिक ७.५, तुरटी १५. घट्ट केलेल्या फिल्मला धुणं जास्त लागतं, वाहत्या पाण्यात वीस-तीस मिनिटं.

माशांचा बर्फ पिशवीत बांधून बाहेरून लावायला चालेल. फक्त त्याच्या वासाने मांजरं डार्करूमच्या दाराशी बसतील.

खाडीपलीकडे:

दुसऱ्या डब्यातला तुकडा धुतला. काठावर ‘सेफ्टी’ आहे, भोकं चौकोनी. उजेडात बघितला तर फिल्म फिकट, जवळजवळ पांढरट. हीच पॉझिटिव्ह का?

मुचकुंदी:

हो, वर्णन जुळतंय. काळी-पांढरी सिने पॉझिटिव्ह म्हणजे थिएटरची प्रिंट काढायची फिल्म. ती फक्त निळ्या आणि अतिनील प्रकाशाला जागते. म्हणून तुमच्या डब्यांपैकी माझ्या मते हीच मजेची. लाल सेफलाइटखाली कापता येते, भरता येते, इतकंच काय तर उघड्या ताटलीत डोळ्यांदेखत धुता येते. लाल दिवा सुरक्षित आहे का ते आधी तपासा. तुकड्यावर नाणं ठेवून पाच मिनिटं दिव्याखाली ठेवा, मग धुवा. नाण्याचा ठसा उमटला तर दिवा लांब न्या.

वेग ३ ते १२ एएसएच्या दरम्यान, ६ पासून सुरुवात करा. इलेक्ट्रो ३५ ला ही देऊ नका, जीएसएनची चकती २५ च्या खाली जात नाही आणि शटर हाताने ठरवता येत नाही. झेनिटवर लख्ख उन्हात १/६० ला एफ ५.६. झेनिटचं शटर १/३० च्या खाली थेट ‘बी’ वर जातं, म्हणून ढगाळ दिवशी एफ २ ला टेकावं लागेल किंवा ट्रायपॉड.

रंगांचा हिशोब उलटा होतो. जांभ्याचं जोतं जवळजवळ काळं येतं, कपाळावरचं कुंकू काळं टिक्क, हळद लावलेली नवरी उन्हातून आल्यासारखी सावळी. निळ्या रंगवलेल्या होड्या पांढऱ्याफटक आणि आभाळ कोरं. पिवळा फिल्टर लावू नका, तो नेमका तिला लागणारा प्रकाशच अडवतो. अशा फिल्मला मागचा परावर्तनरोधी थर बहुधा नसतो, त्यामुळे पाण्यावरच्या चमकेभोवती प्रभा पसरते. मला ती आवडते, काहींना खपत नाही.

कॉन्ट्रास्ट ही खरी अडचण. ही फिल्म प्रिंटसाठी बनलीय, डी-१९ किंवा एक्स-रेच्या डेव्हलपरमध्ये टाकलीत तर काळं आणि पांढरं, मधलं काही नाही. डी-२३ करा. लिटरला मेटॉल ७.५, सल्फाइट १००, बस दोनच गोष्टी. तो १+३ पातळ करा आणि आठ मिनिटांनंतर लाल दिव्याखाली बघत राहा. सावलीत तपशील दिसायला लागला आणि आभाळ अजून पूर्ण काळं झालेलं नाही, तिथे थांबवा. साउंड निगेटिव्ह किंवा मायक्रोफिल्म असती तर याहून मवाळ डेव्हलपर लागला असता. फेनिडोन १.५ ग्रॅम आणि सल्फाइट ३० ग्रॅम लिटरला, केल्या दिवशीच संपवायचा, कारण तो टिकत नाही. फेनिडोन गार पाण्यात विरघळत नाही.

कातळसडा:

मोठ्या डब्यातली फिल्म थेट लोडरमध्ये बसणार नाही. सिनेमाचे डबे ४०० किंवा १००० फुटी, म्हणजे १२२ किंवा ३०५ मीटर. लोडरमध्ये तीस मीटर जाते, साधारण नऊ सेंमी व्यासाची गुंडाळी. पॉझिटिव्ह असल्याने लाल दिव्याखाली तीस-तीस मीटर सोडवून घेता येईल. पॅनक्रोमॅटिक (सगळ्या रंगांना जागणारी) असेल तर मिट्ट काळोखात. गुंडाळताना घट्ट ओढून कसू नका, वेढ्यावर वेढा घासून बारीक ओरखडे पडतात.

फाडून बघा. हाताने फाटली तर ॲसिटेट. लांबते, कापते पण फाटत नाही ती पॉलिएस्टर. पॉलिएस्टर रोलच्या शेवटी जोर लावून लिव्हर ओढू नका, फिल्म तुटण्याऐवजी कॅमेऱ्याचा दाता तुटतो. पॉलिएस्टरमधून उजेड काठाने आत झिरपतो, म्हणून उन्हात कॅमेरा भरू नका, पडवीत या.

आणि कुणाला रंगीत सिने निगेटिव्हचे उरलेसुरले तुकडे मिळाले तर मागे काळा रेमजेटचा थर आहे का बघा. असेल तर तो रोल नेहमीच्या लॅबमध्ये देऊ नका. त्यांच्या मशीनमधल्या सगळ्या द्रावणात ती काजळी फिरते आणि पुढच्या गिऱ्हाइकांचे रोल बिघडतात. घरी काळी-पांढरी म्हणून धुणार असाल तर आधी सोड्याच्या कोमट पाण्यात टाकी हलवा, शेवटी ओल्या स्पंजने मागची बाजू पुसा.

तिठा:

पावसाळ्याचं कुणी बोललंच नाही. माझं मत, फ्रीजमध्ये टाका आणि दसऱ्याला काढा.

मुचकुंदी:

फ्रीज चालेल, पण बाहेर काढताना जीव जातो. जुलैत किनाऱ्यावर दवबिंदू चोवीस-पंचवीस अंशांवर असतो. चार अंशांचा डबा उघडला की क्षणात आतून घाम फुटतो, वेढे एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना इमल्शनचे टवके निघतात. डबा हवा काढलेल्या झिप पिशवीत बंद हवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता सहा-आठ तास तशीच. रात्री काढा, सकाळी उघडा.

फ्रीज नको असेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेल. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास, पुन्हा निळं होतं. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतो, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. तांदळाच्या डब्यात फिल्म पुरून ठेवायचा उपाय विसरा. आपल्याकडचा तांदूळ आधीच हवेतलं पाणी प्यायलेला असतो, वर पिठूर धूळ.

चेंजिंग बॅगचंही (हात घालून फिल्म भरायची काळी पिशवी) तसंच. जुलैत दहा मिनिटं हात आत घातले की पिशवीच्या आत वाफ धरते, स्पायरलवर (टाकीतल्या चकरीवर) फिल्म चढेनाशी होते. रात्री खिडकी झाकून न्हाणीघरात भरा. स्पायरल पूर्ण कोरडा हवा, एक थेंबही नको.

कॅमेऱ्यात रोल चार-पाच दिवसांच्या वर ठेवू नका. दमट इमल्शन मागच्या दाबपट्टीला चिकटतं आणि काढलेली प्रतिमाही हळूहळू विरते. याशिकाच्या पाठीमागचा स्पंज बहुधा डांबर झालेला असेल, तो खरवडून काळी लोकर बसवा.

वाळवणं: पावसात फिल्म सुकायला रात्र जाते आणि तेवढ्यात बुरशी बसते. एक लाकडी कपाट रिकामं करा, तळाला ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब, फिल्म दोन फूट वर, दार फटभर उघडं. समुद्राकडची खिडकी बंद, खारट धुकं ओल्या जिलेटिनवर बसतं.

रापणकर:

आग्फा क्लिक थ्री पडून आसा. त्यात ही पस्तीसची फिल्म भरूक येता काय? भोकांवर सुद्धा चित्र येवचा असा बघितलंय.

निवती_दीपगृह:

येते. कॅसेट एका बाजूला स्पंजचे तुकडे लावून मधोमध अडकवा, दुसऱ्या बाजूला १२० चा रिकामा स्पूल. मागचा कागद नसल्याने पाठीवरची लाल खिडकी काळ्या टेपने दोन थर देऊन बंद करा. मग आकडे दिसणार नाहीत, फेरे मोजावे लागतील. सुरुवातीला एका फोटोला पावणेदोन ते दोन फेरे, स्पूल भरत गेला की सव्वापर्यंत कमी होतात. आधी एक खराब पट्टी घालून पाठ उघडी ठेवून मोजून घ्या. उलट गुंडाळायची सोय नाही, तेव्हा रोल अंधारातच काढावा लागेल. पॉझिटिव्ह भरलीत तर लाल दिवा लावून काढा, वाट बघायची गरज नाही.

खाडीपलीकडे:

शेवटचा प्रश्न. वापरलेला हायपो कुठे ओतायचा? विहीर घरापासून पंधरा पावलांवर आहे.

कातळसडा:

परसात नको. जांभा भोकाभोकांचा, आज ओतलेलं पावसाबरोबर विहिरीत उतरतं. हायपोत विरघळलेली चांदी असते. प्लास्टिकच्या बादलीत हायपो साठवा आणि त्यात भांडी घासायची लोखंडी लोकर टाका. आठवडाभरात लोखंड विरघळून चांदी काळ्या गाळासारखी तळाशी बसते. स्टेनलेसची चमकणारी घासणी चालत नाही, तिच्यावर काही होत नाही. गाळ गाळून वेगळा वाळवा. वरचं पाणी भरपूर पातळ करून, विहिरीकडे उतार नसलेल्या बाजूला शोषखड्डा असेल तर त्यात, नसेल तर गावातल्या गटारात. डेव्हलपर आणि हायपो एकाच बादलीत मिसळू नका. डेव्हलपरच्या अल्कलीने लोखंडावर थर चढतो आणि चांदी सुटायचं काम थांबतं.